स्टेशनबाहेरचे आठशे मीटर कुणाचे?

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, सोलापूर विभाग
मा. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, सोलापूर

विषय : स्टेशनचं आवार संपतं तिथून पुढच्या आठशे मीटरबाबत, म्हणजे दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात रस्ता, वस्ती आणि बस यांची सांगड घालण्याबाबत

सविनय नमस्कार.

एकाच पत्रावर तीन पत्ते बघून आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतील. हे नेमकं कुणाकडं पाठवायचं? माझीही अडचण तीच आहे. स्टेशनच्या फाटकाच्या आत रेल्वे. एसटी स्टँडच्या फाटकाच्या आत महामंडळ. मधला रस्ता महापालिकेचा, पण त्या रस्त्यावर स्टेशनातून काय येतं आणि स्टँडकडं काय जातं याचा हिशेब महापालिकेनं ठेवावा असं कुठं लिहिलेलं नाही. तिघांचीही कामं चालू असतात. तिघांचीही कामं आपापल्या कंपाउंड वॉलपाशी येऊन थांबतात. मला बोलायचं आहे ते भिंतीच्या बाहेरचं.

आधी माझी ओळख. मी बांधकाम परवानगीचे नकाशे काढून देणारा माणूस आहे. सोलापुरात वीसेक वर्षं हेच करतो. साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूला सोडायची जागा), पार्किंग, एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधायला मिळतं ते प्रमाण) यांवर माझं घर चालतं, म्हणून पुढं मी एफएसआयबद्दल जे म्हणणार आहे ते माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जातं, एवढं ध्यानात घ्यावं.

माझी मुलगी पुण्यात शिकते आणि महिन्यातनं एकदा शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. तिला आणायला जातो म्हणून स्टेशनबाहेरची ती वेळ मला पाठ झाली आहे. रात्री दहाच्या आगेमागे हुतात्मा पुण्याहून येऊन टेकते. थोड्या वेळानं मुंबईहून वंदे भारत येते, आणि त्याच सुमाराला सिद्धेश्वर मुंबईला निघायच्या तयारीत असते. म्हणजे सोलापूरकरांच्या तीन लाडक्या गाड्या तासाभराच्या अंतरात एका दारातून आत-बाहेर होतात. दिवसभरात स्टेशनासमोर इतकी माणसं एकदम कधी नसतील, आणि नेमकं त्याच वेळी गाव झोपायला लागलेलं असतं. सुटकेस ओढणारी माणसं रिक्षांच्या घोळक्यात शिरतात. ज्यांना न्यायला कुणी आलेलं असतं ते दुचाकीवर पुढं बॅग, मागं माणूस असे निघतात. उरलेले भाव ठरवत उभे.

त्या उरलेल्यांत रोज एक माणूस हमखास असतो. कधी नांदेडचा, कधी आंध्रातला, कधी मुंबईचा. तो विचारतो, "अक्कलकोटची गाडी कुठनं मिळंल?" किंवा तुळजापूरची, पंढरपूरची, गाणगापूरची. सोलापूर हे देवांच्या मधलं जंक्शन आहे. माणूस इथं रेल्वेनं उतरतो आणि एसटीनं पुढं जातो. या दोन्हींच्या मध्ये दीड-दोन किलोमीटर आहेत. नवख्या माणसाला तिथवर चालत जाता येईल अशी सलग वाट नाही, आणि वाट दाखवणारी पाटी शोधावी लागते.

यातली गंमत अशी, की चालणं या गावाला नवीन नाही. कोजागरीला इथली माणसं तुळजापूरपर्यंत चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटर, कित्येकजण अनवाणी. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज घेऊन मानकरी गावातल्या अडुसष्ट लिंगांची फेरी करतात आणि त्यांच्यामागं गाव चालतं. त्या मार्गावरच्या आड येणाऱ्या तारा त्या आठवड्यात बाजूला होतात, खड्डे बुजतात, दिवे लागतात. म्हणजे चालणाऱ्यासाठी रस्ता मोकळा कसा करायचा हे आपल्या महापालिकेला चांगलं ठाऊक आहे. दर वर्षी करतात. फक्त देवासाठी करतात, उतारूसाठी नाही.

थोडं मागं जाऊन बोलतो, कारण हे शहर मुळातच रेल्वेला धरून वाढलं. १८६० साली रुळ सोलापूरपर्यंत आले. १८७७ ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली, आपण जिला जुनी गिरणी म्हणतो ती. कापूस रुळावरून येणार, सूत आणि कापड रुळावरून जाणार, म्हणून गिरण्या रुळांपासून लांब जाऊ शकत नव्हत्या. आणि कामगार गिरणीपासून लांब जाऊ शकत नव्हता, कारण भोंगा झाल्यावर त्याला पायीच पोचायचं होतं. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात घर, घराजवळ किराणा, दवाखाना, तालीम, शाळा. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर तर एकाच घरात राहायचा आणि मागावर बसायचा. आज ज्याला परदेशी नाव देऊन परिषदा भरवल्या जातात, म्हणजे वाहतुकीच्या ठिकाणाभोवती दाट, मिसळलेली, पायी फिरता येईल अशी वस्ती, ती आमच्या आज्यांनी नकाशा न काढता करून दाखवली होती. त्या हे पोटापाण्यासाठी करत होत्या, तेव्हा त्या वस्तीचं कौतुक करताना त्या खोल्यांतली दाटी, धूर आणि क्षय विसरू नये, हेही सांगून ठेवतो.

मग गिरण्या गेल्या. भोंगा गेला. शहर हद्दीबाहेर पांगलं. १९९२ च्या हद्दवाढीनं भोवतालची गावं आत आली आणि महापालिकेचं क्षेत्र जवळजवळ १७९ चौरस किलोमीटर झालं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख. आकडे शेजारी ठेवले की दर चौरस किलोमीटरला पाच हजारांच्या थोडं वर माणसं येतात. मोठ्या शहरांच्या मानानं ही वस्ती विरळ आहे. एवढ्या विरळ पसाऱ्यात पाण्याची पाइप घालायची, ड्रेनेज घालायचं, दिवे लावायचे आणि वर सिटी बस फिरवायची. सिटी बस तोट्यात का, याचं उत्तर डेपोत शोधतात. ते बरंचसं माझ्यासारख्यांनी काढलेल्या लेआउटमध्ये, प्लॉट-रस्त्यांच्या आखणीत, आहे.

हा मुद्दा जरा उलगडून सांगतो, कारण यात मीही दोषी आहे. हद्दवाढ भागात एक शेत बिनशेती (एनए) होतं, त्याचा लेआउट पडतो. शेजारचं शेत चार वर्षांनी बिनशेती होतं, त्याचा वेगळा लेआउट. दोन्ही नियमात असतात. पण पहिल्याचा रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाला जाऊन थांबतो. जिथं गुंठेवारी झाली, म्हणजे लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं शेत विकलं गेलं, तिथं तर विचारायलाच नको. परिणाम काय? बसथांबा घरापासून सरळ रेषेत तीनशे मीटरवर असतो आणि पायी जायला किलोमीटरभर वळसा पडतो. माणूस एकदा चालतो, दोनदा चालतो, तिसऱ्या महिन्यात हप्त्यावर गाडी घेतो. मग बस रिकामी, मग फेरी कमी, मग उरलेलेही गाडी घेतात. जुळे सोलापुरात मी राहतो. माझ्या घरात माणसं चार आणि दुचाकी तीन आहेत.

म्हणून रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडभोवतीचा भाग मला वेगळा वाटतो. तिथं रस्ते एकमेकांना मिळतात. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये वाहतूक-केंद्रित विकासाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यात स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटर हा प्रभावाचा पट्टा धरला आहे. साधारण दहा मिनिटं चालण्याचं अंतर. आठशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचं क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटर भरतं. म्हणजे शहराच्या सव्वा टक्क्याहून कमी. स्टेशनचं एक, स्टँडचं एक, अशी दोन वर्तुळं कागदावर काढून पाहा. ती एकमेकांच्या अगदी जवळ येतात. त्यांच्यात रेल्वे लाईन या भागातले दवाखाने येतात, भैय्या चौक येतो, डॉ. कोटणीसांचं स्मारक येतं, मुरारजी पेठेचा भाग येतो. मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून उपचाराला येणारा पेशंट याच पट्ट्यात फिरतो. एक हात सलाइनच्या पट्टीचा, दुसऱ्या हातात एक्सरेची पिशवी. या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून या दोन वर्तुळांचा आराखडा केला तर तो कुणासाठीच चुकणार नाही.

आता एफएसआय. स्थानकाभोवतीच्या विकासाचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला आणि शेवटचा प्रश्न तोच असतो. पुण्यात आणि नागपुरात मेट्रोलगतच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआयची तरतूद झाली, तेव्हापासून आमच्या धंद्यातली मंडळी विचारतात, आपल्याला कधी? मी म्हणतो, आत्ता नको. आधी रस्ता चालण्याजोगा करा, मग मजले वाढवा. क्रम उलटा झाला तर काय होतं ते मी माझ्या टेबलावरून सांगू शकतो. मजले वाढले की नियमानं पार्किंग वाढतं. पार्किंग वाढलं की तळमजल्यावरची दुकानं जातात आणि तिथं खांब आणि गाड्या येतात. स्टेशनजवळ राहणाऱ्याला गाडी लागू नये म्हणून इमारत उंच केली, आणि उंच केली म्हणून तिच्या पोटात शंभर गाड्यांची सोय केली. याला काय म्हणावं?

पार्किंगचा हिशेब कधी कुणी नीट मांडत नाही. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, साडेबारा चौरस मीटर. ती आत न्यायला आणि वळवायला जवळजवळ तेवढीच जागा आणखी जाते. म्हणजे पंचवीसेक चौरस मीटर. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत गरिबाच्या घराचं चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत धरलं होतं. म्हणजे एका मोटारीला आपण जवळजवळ एक घरकुल देतो, आणि तेही शहरातल्या सगळ्यात मोक्याच्या जमिनीवर, सक्तीनं. शिवाय कागदावर पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागेचं पुढं गोडाऊन होतं हे मला ठाऊक असतं, मालकाला ठाऊक असतं. तेव्हा या दोन वर्तुळांपुरती पार्किंगची किमान सक्ती काढून कमाल मर्यादा घाला. ज्याला हवी त्यानं तेवढी करावी, त्याहून जास्त नको. राज्याची बांधकामाची एकात्मिक नियमावली २०२० च्या डिसेंबरपासून लागू आहे. शहरापुरती विशेष तरतूद करून घ्यायची तर प्रस्ताव महापालिकेनंच शासनाकडं पाठवायचा असतो.

सावलीबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. दहा मिनिटं चालण्याचं अंतर हे माप थंड देशात ठरलं असावं. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. दुपारी दोनच्या डांबरावर आठशे मीटर म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो एप्रिलनंतर चालायला नको म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. आपल्याकडं स्थानकाचं वर्तुळ चालण्याच्या मिनिटांत मोजू नये, सावलीच्या मीटरात मोजावं. रेल्वे लाईनमधली जुनी झाडं अजून काही ठिकाणी रस्त्यावर कमान धरून आहेत. त्या कमानीखालून जाताना आपोआप पाय सैल पडतात. कमान संपली की माणूस रिक्षाला हात करतो. मी हे कितीदा तरी उभं राहून पाहिलंय. कडुलिंब, करंज, वड यांना या मातीत पाण्याचे चोचले लागत नाहीत, पहिली दोन-तीन वर्षं सांभाळली की पुरे. पण त्यांना मुळं पसरायला जागा लागते. आपण फुटपाथला फरशी बसवताना बुंध्याभोवती सिमेंट ओततो, मग वादळात झाड पडलं की झाडालाच दोष.

जिथं झाड लावता येत नाही तिथं पडवी करा. जुन्या बाजारपेठांत दुकानापुढं असायची तशी. इमारत रस्त्यालगत पुढं येऊ द्यावी, तळमजल्यावर दोन-अडीच मीटर रुंदीची पडवी सर्वांना चालायला उघडी ठेवण्याची अट घालावी आणि त्याच्या बदल्यात मालकाला वर तेवढं क्षेत्र द्यावं. ऊन, पाऊस दोन्हींची सोय होते. आज नियम आम्हाला पुढं मार्जिन सोडायला लावतात. त्या मार्जिनला मालक कंपाउंड वॉल घालतो, आत दोन गाड्या उभ्या करतो. सगळ्या रस्त्याला भिंतींची रांग. रात्री दहाला माझी मुलगी एकटी त्या रस्त्यानं आली तर तिला दिसणार काय? भिंत. तिला भिंतीपेक्षा उघडं मेडिकल, चहाची गाडी, शेंगाचटणीचं दुकान यांचा जास्त आधार आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला. त्याप्रमाणं या वर्तुळात गाडेवाल्यांच्या जागा आखून, पाणी-दिवा देऊन बसवा. अतिक्रमण म्हणून उठवायचे आणि पंधरा दिवसांनी तिथंच पुन्हा बसलेले बघायचे, हा खेळ दोन्ही बाजूंना महाग पडतो.

रिक्षावाल्यांना या पत्रात मी खलनायक करणार नाही. खरं तर सोलापूरची सार्वजनिक वाहतूक आज मुख्यत्वे शेअर रिक्षाच आहे. विडी कामगार बाई विड्या द्यायला आणि पत्ती आणायला त्यातूनच जाते. तिच्या जोडीला बस उभी करायची तर दोघांना भांडायला न लावता कामं वाटून द्या. मोठ्या रस्त्यावर सिटी बस, गल्लीबोळात रिक्षा, आणि दोघांना एकच थांबा. स्टेशनसमोर रिक्षांच्या मार्गाप्रमाणं रांगा आखा : सात रस्ता-आसरा, बाळीवेस-कोंतम चौक, पार्क चौक-नवी पेठ, बाळे. वर पाटी, पाटीवर भाडं, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये. आणि एक बस फक्त स्टेशन ते एसटी स्टँड अशी फिरती ठेवा, जिचं वेळापत्रक महापालिकेनं न ठरवता गाड्यांनी ठरवावं. हुतात्मा अर्धा तास उशिरा आली तर त्या रात्री बसही अर्धा तास उशिरा सुटेल. गाडी कुठवर आली हे आता कुणाच्याही मोबाइलवर दिसतं, तर बसच्या कंट्रोलरला दिसायला हरकत कसली? यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. एक फोन नंबर लागतो.

रुळांच्या पलीकडचं एक. स्टेशनला पुढचं दार आहे, गाव त्या दाराकडं तोंड करून आहे. पाठीमागं रामवाडी, लिमयेवाडी. तिथल्या माणसाला स्टेशन घराच्या खिडकीतून दिसतं आणि स्टेशनात यायला वळसा पडतो. रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेतून स्टेशनचं रूप पालटतं आहे. त्यात दर्शनी भाग किती देखणा होतो यापेक्षा, फलाटांवरचा पादचारी पूल दोन्ही बाजूंच्या रस्त्यांना मिळतो का आणि फलाटाचं तिकीट न काढता तो ओलांडता येतो का, यावर शहराचं जास्त भलं अवलंबून आहे. तसं झालं तर आठशे मीटरचं वर्तुळ पूर्ण होईल. आज ते अर्धवट आहे, कापलेल्या भाकरीसारखं.

घरांचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कुंभारीचं रे नगर आपण सगळ्यांनी पाहिलं. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत, त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. विडी, यंत्रमाग, कचरावेचक अशा माणसांना स्वतःचं पक्कं घर मिळालं, त्यासाठी अनेक वर्षं लढा द्यावा लागला. त्याचं मोल कमी करण्याची माझी लायकी नाही. पण जमीन स्वस्त मिळाली ती शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, आणि घराच्या किमतीत जे वाचलं ते रोजच्या जाण्या-येण्यात हळूहळू जातं. स्टेशनपासून चालत पोचता येईल अशा जागी पाचशेच घरं गरिबांसाठी, भाड्याची, छोटी, बांधली असती तर काय झालं असतं? परगावचा वॉर्डबॉय, हॉटेलातला पोऱ्या, नर्सिंगची मुलगी, पेशंटबरोबर पंधरा दिवस राहायला आलेली म्हातारी, यांना विकतचं घर नकोच असतं. त्यांना महिन्याच्या भाड्याची स्वच्छ खोली हवी असते. जुन्या रेल्वे क्वार्टर्सच्या, एसटीच्या, महापालिकेच्या अशा सरकारी जागा या दोन वर्तुळांत आहेत. त्या व्यापारी संकुलाला देताना प्रत्येक प्रकल्पात काही मजले अशा भाड्याच्या खोल्यांचे ठेवण्याची अट तुम्ही तिघं मिळून घालू शकता. खासगी मालकावर अट घालायला कायदा लागेल, स्वतःच्या जमिनीवर घालायला फक्त ठराव.

कुणी म्हणेल, एवढी वस्ती वाढवली तर पाणी कुठून देणार? सोलापूरकराचा हा प्रश्न रास्त आहे. नळाला रोज पाणी हे आपल्याला स्वप्न वाटतं, आणि उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर पाइपनं पाणी आणणारं हे गाव आहे. पण उजनीपासून शहरापर्यंतची पाइप तेवढीच राहणार, माणूस कुठंही राहो. फरक पडतो तो शहराच्या आतल्या पाइपचा. एका घरामागं ती जितकी लांब, तितकी गळती, तितका दाब कमी, तितका व्हॉल्व्हमन लांब. दाट वस्तीला पाणी द्यायला सोपं जातं. टॅंकर कुठल्या भागात जास्त फिरतात याची यादी तुमच्याकडं आहेच.

मेट्रोची मागणी मी करत नाही. आपल्याला ती लागत नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराला १९७० च्या दशकात मेट्रो परवडत नव्हती. जाइमी लेर्नर नावाचा आर्किटेक्ट तिथं महापौर होता. त्यानं १९७४ मध्ये मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बससाठी वेगळी वाट काढली आणि उंच इमारती फक्त त्याच रस्त्यांच्या कडेला होतील असा नियम केला. बस आणि बांधकाम परवानगी ही दोन खाती एका टेबलावर आणली, एवढंच खरं त्याचं कर्तृत्व. आपल्याकडं परिवहन आणि नगररचना ही दोन्ही खाती एकाच महापालिकेत आहेत. माझ्या वीस वर्षांत बसमार्ग कुठून जातो असं मला एकाही नकाशावर दाखवावं लागलेलं नाही. नियमातच ते नाही. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांवर आपण वर्षानुवर्षं बोलतोय. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडायची की नाही यावर गाव दुभंगलं, शेवटी २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली. एवढा वेळ आणि एवढी ईर्षा एका फुटपाथसाठी कुणी खर्च केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पैशाचं म्हणाल तर मार्ग आहे. वाढीव एफएसआयसाठी मालक प्रीमियम भरतो. या दोन वर्तुळांतून येणारा महापालिकेच्या वाट्याचा प्रीमियम वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याच वर्तुळांतल्या फुटपाथ, झाडं, दिवे, पादचारी पूल यांवरच खर्च करा. आज तो सगळ्या शहराच्या खर्चात मिसळतो आणि ज्याच्या दारात इमारत उठली त्याला फक्त गर्दी मिळते. पहिल्या पाच वर्षांत रस्ता चालण्याजोगा झाला, बस गाडीच्या वेळेला धरून सुटू लागली, तर खुशाल एफएसआय वाढवा. नकाशे काढायला मी आहेच.

घाई एका कारणासाठी आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा नवा, चौऱ्याऐंशी किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला जातोय. त्यावर स्टेशनं होतील. एनए प्लॉटवाल्यांच्या पाट्या अशा कामाच्या आधी पोचतात, हे मी माझ्या गिऱ्हाइकांवरून सांगतो. रुळ पडल्यावर स्टेशनभोवती रस्ते आखायला गेलात तर तिथं कुंपणं उभी असतील आणि प्रत्येक लेआउटचा रस्ता शेजाऱ्याच्या कुंपणाला जाऊन थांबलेला असेल. त्या स्टेशनांच्या भोवतीचे रस्ते आधी आखून ठेवा, मग बिनशेती परवानगी द्या. हद्दीतलं बाळे आणि हद्दीलगतचं टिकेकरवाडी ही छोटी स्टेशनं तर आजच हाताशी आहेत. तिथं अजून मोकळी जागा आहे, चूक करायलाही आणि दुरुस्त करायलाही.

या पत्रासोबत स्टेशन ते एसटी स्टँड या वाटेचा मी स्वतः टेप लावून केलेला नकाशा जोडला आहे, १:१००० च्या प्रमाणात. सावली हिरव्या पेन्सिलीनं दाखवली आहे, चालताना फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं ती ठिकाणं लाल, रात्री दिवा नसतो ती काळी. मोजमाप रविवारी सकाळी रहदारी कमी असताना घेतलं. दोन ठिकाणी विजेच्या डीपीच्या मागं टेप जाईना म्हणून अंदाज धरला आहे, तिथं प्रश्नचिन्ह केलंय. तिन्ही कार्यालयांत एकेक प्रत देऊन पोच घेतली आहे. तिन्ही प्रती सारख्याच आहेत. एका टेबलावर शेजारी ठेवून पाहायचं झालं तर मूळ ट्रेसिंग माझ्याकडं आहे, सांगाल त्या दिवशी घेऊन येतो.

आपला,
एक नकाशेवाला
जुळे सोलापूर